अक्कांचं हसू

अक्का हसल्या की चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातल्या घोषणा थांबायच्या. आमचं ऑफिस स्टेशनासमोरच्या गल्लीत, एका मेसच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खाली सांबाराचा वास, वर आम्ही, आणि आमच्या वर गच्चीत पाण्याची टाकी. अक्का हसायला लागल्या की टाकीतलं पाणी हिंदकळायचं, मेसचा मालक वर बघून हात जोडायचा, आणि तारेवरचे कावळे जे उडायचे ते थेट समुद्रापर्यंत जाऊन यायचे. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नका, मलाही आता वेगळं काढता येत नाही.

बाई होती केवढी? माझ्या कोपरापर्यंत. पोपटी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी, की लांबून पाहणाऱ्याला पिशवीच रस्ता ओलांडतेय असं वाटावं. या पिशवीत रेकॉर्डर, दहीभाताचा डबा आणि कॉफीचा थर्मास. एवढ्या ऐवजावर अक्का अशा माणसांना भेटायला जायच्या, ज्यांचं नाव ऐकून तुमच्या-माझ्यासारख्याने दाराला आतून कडी लावली असती.

आमच्या संस्थेचं काम असं होतं: ज्यांनी एखाद्या विचारापायी बंदुका धरल्या, बॉम्ब केले, माणसं मारली, आणि मग शिक्षा भोगून किंवा शरण येऊन परत आपल्यात राहायला आले, त्यांना भेटायचं. कसे गेलात, कसे आलात, हे विचारायचं. कुठल्या बाजूचे, ते मी सांगणार नाही. अक्काही सांगायच्या नाहीत. "बाजू त्यांची ते जाणे," म्हणायच्या. "अपण माणूस ऐकायला आलोय."

मी बार्शीचा. नोकरीच्या शोधात चेन्नईत येऊन पडलो होतो आणि तमिळ शिकत होतो. म्हणजे इडली मागितली तर इडली मिळायची, एवढी येत होती. संस्थेत नोकरीच्या मुलाखतीला गेलो तर समोर ही पोपटी साडी. माझं नाव-गाव वाचून मराठीत म्हणाली, "कवा आलात मद्रासेंत?"

मी आनंदाने जवळजवळ टेबलावरच चढलो. "तुम्ही मराठी? तुम्ही कधी आलात?"

"तीनशें वर्षं झाली," अक्का म्हणाल्या. "अजून सामान लावतोय."

तंजावरची मराठी. पहिले काही महिने मला त्यांची तमिळ जास्त कळायची. माझ्या मराठीला त्या 'कालच्या इस्तरीची' म्हणायच्या. पण त्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न मला लख्ख कळला होता. "कुणावर हात उचलावा एवढा राग आलाय कां तुजला कधी?"

मी सज्जन चेहरा केला. "छे हो. मी शांत स्वभावाचा."

"मग तूं अमच्या कामाचा नाहीस. जा."

"म्हणजे? एवढ्या लांबून आलोय, दोन तास बाहेर बसवलंत, आणि एका वाक्यात जा?" माझा आवाज चढला. चढला म्हणजे काय, खालच्या मेसमध्ये वाढप्याच्या हातून चटणीचं भांडं पडलं.

अक्का खुशीत मागे रेलल्या. "सेरी," म्हणाल्या. तमिळमध्ये ठीक आहे म्हणायचा तो शब्द. "आहे राग. मज वाटलं नाहीच कीं काय. उद्यापासून ये."

संस्थेत आणखी एक मुलगी होती, कयल. हुशार, तडतडी, तांबरमच्या कॉलेजात पहिली आलेली. संशोधनाची पद्धत तिने पाठ केली होती: चेहरा कोरा, आवाज सपाट, मत नाही, मान हलवायची तीही मोजून. ती पहिल्यांदा एकटी गेली ती एका फार बड्या माणसाकडे. बडा म्हणजे, त्या माणसाच्या नुसत्या बघण्याने दूध नासायचं. कयलने सगळे प्रश्न सपाट आवाजात विचारले, नमस्कार केला, आली. गच्चीवर आल्यावर आमचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पायांत मोठाल्या मर्दानी वहाणा. भीतीच्या भरात पोरगी त्याच्या वहाणा घालून एग्मोरपर्यंत आली होती, आणि तिला पत्ता नव्हता!

तिला वाटलं आता नोकरी गेली. अक्का वहाणांभोवती फिरून आल्या, देवळात प्रदक्षिणा घालावी तशा. "कण्णा, सोन्या, केवढी भ्यालीस तूं!" आणि तो हसण्याचा स्फोट. "तें लिही. भ्याले असं लिही. कशाला भ्यालीस? तो ओरडला?"

"नाही अक्का. तो फार हळू बोलत होता."

"हळू बोलणाऱ्याला भ्यालीस. मग त्याच्या हाताखालची पोरं किती भीत असतील? तेंच तर अपल्याला हवं होतं, आणि त्यानं तें सांगितलंच नाही. तुज्या पायांनी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी कयल वहाणा परत द्यायला गेली. दारात त्या माणसाने आपल्या वहाणा तिच्या हातात पाहिल्या आणि, कयल शपथेवर सांगते, तो खाली बसला. आपल्याला अजून लोक एवढे भितात, हे त्याला नको होतं. त्या दिवशी तो पहिल्यांदा खरं बोलला.

गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायचा अक्कांचा नेम होता. मुलाखतीहून आलेल्या माणसाने सगळ्यांसोबत दहीभात खायचा. खाताना कामाचं बोलायचं नाही. डबा पुसून झाला की अक्का तोंडावर पाणी मारून येत आणि विचारत, "आधी तुजला काय झालं तें सांग. तो काय म्हणाला तें मग."

ही शिस्त मोडायची सोय नव्हती. राग आला, किळस आली, कीव आली, तो माणूस आवडला, त्याचं पटलं, जे असेल ते आधी पानावर वाढायचं. मी सुरुवातीला फार फुशारकी मारायचो. "मला काही झालं नाही अक्का, मी आपला बर्फासारखा बसलो होतो."

"बर्फ विरघळतो कीं रे मद्रासेंत," त्या म्हणायच्या. "ताप बघायची कांच काखेत घालतात, तेव्हां ती स्वतः तापते ना? नाही तापली तर फेकून देतात. तूं तापला नाहीस म्हणजे तूं मोडका."

दुसरा नेम याहून विचित्र. मुलाखत संपताना त्या समोरच्याला म्हणत, "आता तुमचा एक." म्हणजे तुम्ही मला एक प्रश्न विचारा. कुठलाही. अक्का त्याचं खरं उत्तर द्यायच्या, आणि उत्तर देऊन झालं की मगच थर्मास उघडायच्या. "तो दोन तास अपलं पोट उघडं करून बसतो. अपण एक खिडकी तरी उघडावी." कुणी विचारायचं, नवरा कुठे असतो, कुणी विचारायचं, पगार किती. एकाने विचारलं, तुम्ही देव मानता का, तर अक्कांनी 'दर शुक्रवारी' असं सांगितलं होतं.

आणि त्यांचा कान! गोष्ट गुळगुळीत लागली की त्या सावध व्हायच्या. माझ्या एका किश्श्यावर अख्खी गच्ची लोळली होती, कयलला तर ठसका लागला. अक्का सुपारी कातरत म्हणाल्या, "छान सांगतोस. कितव्यांदा सांगतोयस?" मी म्हटलं, असेल पंधरा-वीस वेळा. "वाटलंच. कोपरे झिजलेत. मधें कुठेतरी काही टोचत असेल, तें तूं काढून टाकलंयस." माझ्या थापांना आजवर कौतुक मिळालं होतं, मार मिळाला होता, पण त्यांचं निदान कुणीच केलं नव्हतं.

तर अशा या बाई एका माणसाच्या गोष्टीत सापडल्या. सापडल्या म्हणजे पूर्ण, पिशवीसकट.

तो तांबरमला ग्राइंडर दुरुस्त करायचा. इडलीचं पीठ वाटायचे ते दगडी ग्राइंडर. इथे घरोघरी एक असतो आणि तो बंद पडला की घरात सुतक. तरुणपणी याच हातांनी त्याने एक बॉम्ब केला होता. शिक्षा भोगून आला होता. आम्ही गेलो तेव्हा दुकानात एक ग्राइंडर चाचणीसाठी रिकामाच फिरत होता, घर्र घर्र, आणि तो स्टुलावर बसून बोलत होता. देखणा, मिश्कील, डोळे लुकलुकते. पाच मिनिटांत मला तो आवडला, दहा मिनिटांत माझ्या बहिणीचं लग्न झालंय याचं वाईट वाटलं.

रेकॉर्डर माझ्या हातात. अक्का समोर. आणि त्याने घड्याळाची गोष्ट काढली.

सभेच्या हॉलमध्ये बॉम्ब ठेवायचा होता, त्याला घड्याळ हवं होतं. हा बाजारात गेला. तर दुकानदार असला बोलघेवडा, की सोडेचना. "सार, हे घ्या. तुम्ही मराल पण हे मिनिटभर मागे पडणार नाही!" याने घाईत पैसे टेकवले, तर दुकानदार म्हणे, थांबा, सहा महिन्यांची गॅरंटी आहे, कार्ड भरू, नाव सांगा. आणि हा बॉम्ब करायला निघालेला वीर, सवयीने आपलं खरं नाव, बापाच्या नावासकट, सांगून मोकळा! वर दुकानदाराने पत्ताही मागितला, तोही दिला. मग ते घड्याळ मागे पडलं. सभा संपली, माणसं घरी गेली, जेवली, आणि मग बॉम्ब उडाला. "मला एवढा संताप आला अम्मा," तो म्हणाला, "गॅरंटी कार्ड घेऊन निघालोच होतो मी भांडायला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, घड्याळ परत काय करणार? त्याचं तर काहीच शिल्लक नाही!"

अक्का हसल्या. एग्मोरला पाणी हिंदकळवणारं ते हसू, तांबरमच्या त्या पत्र्याच्या दुकानात. वरचे पत्रे थडथडले. मी तर रेकॉर्डर धरून दुमडलोच होतो.

आणि आम्ही हसत असतानाच तो, त्याच आवाजात, म्हणाला, "आत एक वॉचमन होता. तो गेला."

हसू असं मध्येच तुटलं. ग्राइंडर फिरत राहिला. घर्र घर्र.

मुलाखत पुढे सरकली. अक्का विचारत होत्या, तो सांगत होता, पण दोघांच्याही आवाजातून काहीतरी निघून गेलं होतं. शेवटी अक्का नेमाप्रमाणे म्हणाल्या, "आता तुमचा एक."

तो मग म्हणाला, "अम्मा, मघाशी तुम्ही हसलात. आता तुमच्या आत काय चाललंय?"

इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांचाच प्रश्न. गच्चीवरचा.

अक्कांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "लाज वाटतेय," त्या म्हणाल्या. "माणूस मेला त्या गोष्टीवर मी हसले. तुझा रागही आलाय, तू मला हसवलंस म्हणून. आणि सगळ्यात वाईट सांगू? तू मला अजून आवडतोयस. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही."

तो उठला आणि त्याने ग्राइंडर बंद केला. दुकानात एवढी शांतता झाली की रस्त्यावरची बससुद्धा दबून गेल्यासारखी वाटली.

"दुकानदार नव्हताच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"घड्याळ माझ्या घरचं होतं. छान चालायचं. वेळ मीच पुढची लावली. हिंमत झाली नाही, म्हटलं सगळे निघून जाऊ देत. वॉचमन तिथेच राहतो हे मला माहीत होतं. हॉल बघायला जायचो तेव्हा त्याच्याजवळ बसून चहा प्यायचो मी. तो मला आपल्यातली मुरुक्कू, म्हणजे चकली, द्यायचा. त्या वेळी तो चहाला बाहेर जाईल, असं मी स्वतःला सांगितलं." मग त्याने वॉचमनचं नाव घेतलं. मघाच्या गोष्टीत त्या माणसाला नाव नव्हतं. "ही दुकानदाराची गोष्ट मी पोलिसांना सांगितली, वकिलाला सांगितली, तुरुंगात तर रोज फर्माइश व्हायची. सगळे हसतात. हसून झालं की त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटतं, आणि मग वॉचमनचं कुणी विचारत नाही. तुम्ही पहिल्या, ज्यांनी हसले असं कबूल केलं."

त्यानंतर अक्कांनी थर्मास उघडला. तिघांनी एकाच झाकणातून आळीपाळीने कॉफी घेतली.

दुकानातलं हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे यात मी काही वाढवलेलं नाही. पत्रे तेवढे जरा जास्त थडथडवले असतील.

पुढचा घोळ झाला तो आमच्या नव्या मशीनने. संस्थेने नुकतंच संगणकात घातलेलं एक सॉफ्टवेअर, आवाज ऐकून आपोआप टंकून देणारं. खोकला, खुर्चीची करकर, पंख्याची घरघर, हे सगळं 'गोंगाट' म्हणून गाळायचं आणि स्वच्छ मजकूर द्यायचं. आमच्या संचालकांना त्याचं भारी कौतुक. भला माणूस, पण कुठलीही गोष्ट कोरी करकरीत दिसली की ती बरोबरच असणार, अशी त्यांची श्रद्धा.

मशीनने अक्कांचं हसू गोंगाट म्हणून गाळलं. नंतरची शांतता रिकामी जागा म्हणून गाळली. आणि त्याचा तो प्रश्न, अक्कांचं उत्तर, शेवटचं त्याचं हसण्याबद्दलचं बोलणं, सगळं इतक्या खालच्या आवाजात होतं, की तेही गोंगाटात धरून गाळलं. कागदावर काय उरलं? एक माणूस सांगतो, घड्याळ दुकानातून घेतलं. मग काही कारण नसताना, मध्येच, तोच सांगतो, घड्याळ घरचं होतं.

संचालकांनी कागद अक्कांपुढे ठेवला. "हा माणूस खोटारडा आहे. दोन पानांत दोन गोष्टी. आपला अहवाल तपासणारी समिती विचारेल. ही मुलाखत अहवालातून काढू या."

अक्का कागद वाचत होत्या. त्यांनी तो उलटा करून पाहिला, झटकला. "मधलं माझं हसू कुठे गेलं?"

"हसू?"

"मी हसले होते कीं. मोठ्यानं. माझं हसू चोरीला गेलंय!"

आणि ही बाई खरोखर शोधायला लागली हो! मजलाभर आरडाओरडा. मेसचा मालक पळत वर आला, त्याला वाटलं सोन्याचं काही गेलं, तो टेबलाखाली शिरून शोधायला लागला, आणि बराच वेळ शोधल्यावर, "अम्मा, दिसायला कसं होतं?" असं त्याने विचारलं.

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. संचालकांनी हसू ऐकलं आणि त्यांना घाम फुटला. "अक्का, हे बाहेर गेलं तर? संशोधिका खुन्याबरोबर हसली, असं छापतील. ही तुमची शेवटची मोठी कामगिरी. निवृत्तीच्या तोंडावर नावाला डाग कशाला? मशीनने आपणहून काढलंय, देवानेच काढलं समजा."

"हसू काढलं तर तो खोटारडा ठरतो."

"ठरू दे ना. त्याला कुठे कळणार आहे?"

अक्का एकदम शांत झाल्या. त्या आरडाओरडा करत तेव्हा भीती नसायची. "त्यानं आयुष्यात एकदा खरं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तें माझ्या हसण्याला टेकून उभं आहे. हसू राहील, नाहीतर माझं नावच अहवालावर नको."

संचालकांनी हात टेकले. ठरलं की समितीच काय ते बघेल.

समितीत तिघे. दोन निवृत्त प्राध्यापक आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी. अधिकारी म्हणजे काय वर्णावा! मिशा अशा की त्यांच्या टोकांवर दोन कबुतरं सुखाने नांदली असती. तिघेही तमिळ, तिघेही मजकूर वाचून आलेले, पानोपानी लाल खुणा. कयल आणि मी भिंतीला चिकटून उभे. अक्का नवी पोपटी साडी नेसून आल्या होत्या; जुनी आणि नवी यांत फरक असा की नवीला इस्तरी होती.

पोलीस अधिकाऱ्यांनी सुरुवात केली. "बाई, तुम्ही मुलाखतीत हसलात असं संचालक म्हणतात. वॉचमनच्या मृत्यूच्या गोष्टीवर. संशोधकाला हे शोभतं?"

"नाही शोभत," अक्का म्हणाल्या. "ऐकता का जरा?"

मला खूण झाली. मी रेकॉर्डर लावला.

खोलीत त्या ग्राइंडरवाल्या मिस्त्रीचा लुकलुकता आवाज आला. बाजार. दुकानदार. तुम्ही मराल पण हे मागे पडणार नाही. एका प्राध्यापकांनी ओठ आवळले. गॅरंटी कार्ड. बापाच्या नावासकट नाव. दुसऱ्या प्राध्यापकांचे खांदे हलायला लागले. पोलीस अधिकारी ताठ, नजर छताला. मग पत्ता सांगितला. मग गॅरंटी कार्ड घेऊन तो भांडायला निघाला, आणि अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं...

पोलीस अधिकारी फुटले. नाकातून, मिशांतून, कॉफीच्या कपात. प्राध्यापक टेबलावर हात आपटत होते, संचालक तोंडावर फाइल धरून हसत होते, आणि रेकॉर्डरमधून अक्कांचं ते प्रचंड हसू त्यांच्या हसण्यात मिसळत होतं. त्या खोलीत फक्त एकच माणूस हसत नव्हता. अक्का.

"आत एक वॉचमन होता. तो गेला."

सगळ्यांचं हसू जागच्या जागी तुटलं. तिघांनी हे वाक्य आधी वाचलं होतं. त्याखाली लाल रेघ मारली होती. ते येणार हे ठाऊक होतं आणि तरी ते हसत होते.

मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला, अक्कांनी तो धरला. ग्राइंडर फिरू दिला. घर्र घर्र. मग स्वतःच बटण दाबलं आणि तमिळमध्ये, अगदी मायेने, गच्चीवर आम्हाला विचारत तसं विचारलं, "आधी तुम्हाला काय झालं ते सांगा. तो काय म्हणाला ते मग."

पोलीस अधिकाऱ्यांनी रुमालाने मिशा पुसल्या, चष्मा पुसला, मग उगीचच घड्याळ पुसलं. "माझं आयुष्य चौकश्यांत गेलं," ते म्हणाले. "अशी एखादी घड्याळाची गोष्ट मलाही कुणीतरी सांगितली असेल. मी हसलो असेन, आणि फाइल बंद केली असेल." मग म्हणाले, "पुढचं लावा. नाव कुठे घेतो तो, ते ऐकायचंय मला."

आणि मी पुढचं लावलं. अक्कांची लाज, अक्कांचा राग, बंद झालेला ग्राइंडर, आणि ते नाव. त्या वेळी भिंतीला टेकून उभा असताना माझी छाती एवढी फुगली, की कयलला भिंतीवर जागा पुरेना.

अहवालात मुलाखत राहिली. वॉचमनचं नाव तेवढं बदललं, घरच्यांना त्रास नको म्हणून. आणि मधोमध, कंसात, छापलं गेलं: 'मुलाखतकार मोठ्याने हसते.' संचालक निदान 'मोठ्याने' काढा म्हणून मागे लागले होते. अक्का म्हणाल्या, "लहान हसले असते तर लहान लिहिलं असतं."

आता त्या निवृत्त होऊन अण्णा नगरला असतात. मुलाखतींना मी जातो, कयल जाते. पिशवी कयलकडे आली, थर्मास माझ्याकडे. आमच्याकडे आता नवी पोरं येतात, त्यांना टाकीच्या सावलीत बसवून मी समितीची गोष्ट सांगतो. माझ्या गोष्टीत हल्ली समितीवर पाच जण असतात आणि दोघे खुर्चीवरून पडतात.

परवा अक्कांचा ग्राइंडर बंद पडला. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देईनात, म्हणून तो मी तांबरमला नेला, दुरुस्त करून परत घेऊन आलो. एवढं धूड जिना चढवून आणलं तर यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. झोपाळ्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "कसा आहे तो? आधी तुजला काय झालं तें सांग."

"मला काय होतंय अक्का? कंबर गेली. तुमचा दगड म्हणजे..."

त्या सुपारी कातरत थांबून राहिल्या. त्यांच्या थांबण्यापुढे माझी एकही थाप आजवर टिकलेली नाही.

"अभिमान वाटला," मी म्हटलं. "तुमचा. आणि अक्का, थोडा त्याचाही वाटला. त्याचा वाटला म्हणून जरा भीतीपण वाटली."

"बरें." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आता तो काय म्हणाला?"

मी सांगितलं. मी स्टुलावर बसलो होतो, तो दगड बसवत होता, तेवढ्यात शेजारचा एक रिक्षावाला आला. जुना ओळखीचा असावा. म्हणाला, अण्णा, हे पाहुणे बसलेत, ती घड्याळाची गोष्ट सांगा की, मजा येईल. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि पहिला शब्द त्या वॉचमनचं नाव. मग त्याचा चहा, मग त्याची मुरुक्कू. रिक्षावाला तोंड हसरं करून वाट बघत बसला होता. हळूहळू त्याचं तोंड मिटलं.

अक्कांनी अडकित्ता परत उचलला.

"आणि दुकानदार?" त्यांनी विचारलं.

"आलाच नाही, अक्का."